कार्टूनमध्ये नसलेली आजी

मोठ्या नातीने पाठवलेला निबंध मी दोनदा वाचला. विषय एका जपानी साहसकथेच्या मालिकेचा, त्यातली पात्रं कशी रंगवली आहेत आणि त्यातून कोणते विचार मांडले आहेत याचा. इंग्रजी छान आहे. तीन ठिकाणी स्वल्पविराम चुकलेत, तिथे पेन्सिलीने खुणा करून पानांचे फोटो तुमच्या आईकडे पाठवले आहेत. चौथी खूण स्वल्पविरामाची नाही. तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस की त्या मालिकेतली मुलगी कोणालाही न विचारता घर सोडते, म्हणून ती स्वातंत्र्याचं प्रतीक आहे. तिथे समासात मी एक प्रश्नचिन्ह काढलं आहे. त्याचं उत्तर समासात मावत नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

अशीच घर सोडून निघालेली एक कार्टूनमधली मुलगी मी ओळखते. तिच्यावर एके काळी तुमच्या आईचं लातूरचं शिक्षण अडून बसलं होतं. धाकट्याला मराठी वाचायला वेळ लागतो, त्याला आईने वाचून दाखवावं. या हकिकतीत आई स्वतः आहे. तिने आपला भाग गाळू नये. गाळल्यावर काय होतं तेच तर सांगायचं आहे.

आम्ही तेव्हा धारूरला पेठेत राहायचो. खाली आपलं भांड्यांचं दुकान, वर घर. ज्या वर्षांत पेठेतल्या दुकानांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे फोनचे बूथ उगवले, त्याच वर्षांत केबल आली. काळी वायर गच्च्यांवरून उड्या मारत यायची. आमच्या पाण्याच्या टाकीला तिने एक वेढा घातला आणि खिडकीतून आत शिरली. घरात टीव्ही होता, पण आता त्यात एकाएकी पंचवीस-तीस चॅनेलं झाली. त्यांतली निम्मी इंग्रजी बोलत होती आणि पेठेत इंग्रजी कळणारी मी एकटीच होते, म्हणजे तसा सगळ्यांचा समज होता.

माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून झालं. लग्न होऊन धारूरला आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. औषधाच्या बाटलीवरचं, तारेतलं आणि दुकानात आलेल्या नव्या मिक्सरच्या माहितीपत्रातलं इंग्रजी वाचायला सगळी पेठ माझ्याकडे यायची. माहितीपत्रात जे लिहिलं असेल तेच मी सांगायचे. तोपर्यंत माझं रेकॉर्ड स्वच्छ होतं.

संक्रांतीच्या सुमारास दर रविवारी सकाळी दहा वाजता ते कार्टून लागू लागलं. बोलणं इंग्रजी, पण शेवटी वरून खाली उतरणारी अक्षरं वेगळीच. तुमची आई म्हणाली, "हे जपानी आहे." ती तेव्हा दहावीत होती. दहावीच्या मुलीने रविवारी सकाळी कार्टून पाहावं का, यावर घरात एकदा चर्चा झाली होती. मीच म्हटलं होतं की इंग्रजी कानावर पडेल. गल्लीतली सात-आठ पोरंही जमायची, बहुतेक मुलीच.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. सकाळची लिंगपूजा आटोपून त्या मधल्या खोलीत मेथी निवडत बसायच्या. पहिल्याच रविवारी त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"सूनबाई, त्या पोरीचं तोंड हलतंय. काय म्हणती ती?"

"काही नाही आत्याबाई, कार्टून आहे ते."

"कार्टून हाय म्हणून मुकं हाय का? मोठ्यानं सांग की. हे लेकरं बी नुसतेच टकाटका बघायलेत."

मग मी सांगायला लागले. गोष्ट अशी होती. एका डोंगराळ देशातला वारा बंद पडला आहे. पवनचक्क्या थांबल्या, गिरण्या थांबल्या, दोरीवरचे कपडे वाळेनात. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी वारा शोधून आणायला निघते. वाटेत तिला चिलखत घातलेला एक प्राणी भेटतो, धड अस्वल नाही, धड मुंगूस नाही. लढाईचं नाव काढलं की तो आपली मान आपल्याच चिलखतात ओढून घेई. वारा पळवलेला असतो एका उंच, काळ्या झग्यातल्या बाईनं. तिने तो मातीच्या बरण्यांत कोंडून, तोंडाला फडकी बांधून तळघरात ओळीने मांडून ठेवला आहे.

"लोणच्यावानी," आत्याबाई म्हणाल्या.

"हो, लोणच्यासारखा."

मी खोटं बोलले ते त्याच दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात. पडद्यावर पहाट होत होती. ती मुलगी काकाच्या घरात वाढलेली. काका घोरत होता. तिने कडी हळूच काढली आणि बाहेर पडली. आत्याबाईंनी विचारलं, "घरी इचारलं का तिनं?"

खोलीतल्या सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. तुमच्या आईनेही मान वळवली. न विचारता पळाली असं मी म्हटलं असतं, तर टीव्ही तिथेच बंद झाला असता आणि 'इंग्रजी कानावर पडतं' ही माझी मसलतही त्याच्याबरोबर गेली असती. मी म्हटलं, "विचारलं ना. आजीला विचारलं."

"कोणची आजी? दिसली न्हाई."

"आतल्या खोलीत असते. उठवत नाही तिला."

"काय म्हणली?"

"म्हणाली, जा."

आत्याबाईंनी क्षणभर विचार केला. "भली हाय म्हातारी," म्हणाल्या आणि मेथी पुन्हा हातात घेतली.

पुढच्या रविवारी त्यांनी मेथी आणलीच नाही. उजव्या मुठीत अक्षता घेऊन बसल्या. श्रावणातली कहाणी आपल्याकडे अशीच ऐकतात. हातात अक्षता घ्यायच्या, मधे उठायचं नाही, सुरू केलेली अर्धी टाकायची नाही. रिकाम्या हाताने ऐकलेलं ऐकल्यात जमा होत नाही. तुमचे आजोबा वर चहाला आले होते. ते दारातूनच म्हणाले, "आई, अगं श्रावण कुठं, संक्रांत कुठं!"

"कथा ती कथा. तिला म्हैना लागतो व्हय? तू जा, गिऱ्हाईक बघ."

झालं. कार्टूनची पोथी झाली आणि मी ती सांगणारी झाले. गल्लीतल्या मुलींच्या मुठीतही चार चार तांदूळ आले. एपिसोड संपला की सगळ्या उठून टीव्हीवर अक्षता टाकायच्या. ते दाणे टीव्हीच्या मागच्या जाळीत शिरू नयेत म्हणून मी वर एक रुमाल अंथरू लागले.

एक आजी निर्माण करणं सोपं होतं. तिला सांभाळणं हे काम होतं. दर रविवारी मुलगी पडद्यावर आली की आत्याबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "आजीचं काय मग?" आजी पडद्यावर येणं शक्य नव्हतं, म्हणून ती निरोप धाडायची. कधी पक्ष्याबरोबर, कधी मुलीच्या स्वप्नात. मुलीने दलदलीतून वाट काढली की ती आजीने सांगितलेली खूण. पूल कोसळायच्या आत ओलांडला की तो आजीचा सल्ला. आजी उठत का नाही, असं एकदा आत्याबाईंनी खोदून विचारलं. मी म्हटलं, गुडघे धरलेत.

"मग निरगुडीचा पाला शेकायचा म्हणावं. मला लई गुण आला."

तुमच्या आईने उशीत तोंड खुपसलं. तिला दुसऱ्याच रविवारी सगळं कळलं होतं. तिचं इंग्रजी माझंच होतं, तिला न कळून कसं चालेल?

मुलीचे केस कानापर्यंत कापलेले होते. "कावून कापले गं?" मी म्हटलं, नवस होता. ती गुडघ्यापर्यंतची चड्डी घालायची. मी म्हटलं, चिखलात परकर अडकतो, म्हणून आजीनेच शिवून दिली. केस झाले, कपडे झाले. मग तिने काकाच्या नावाने खडे फोडले, ते मी गाळले. ती चिडून त्या मुंगसाला "मला कोणाची गरज नाही" म्हणाली, त्याचं मी "आजीची आठवण येते" असं केलं. असं करत करत उन्हाळ्यापर्यंत त्या मुलीत तिचं स्वतःचं असं फारसं काही उरलं नाही. मला मात्र तेव्हा तसं वाटत नव्हतं. मी गोष्ट आपल्या घरात बसेल अशी करते आहे, एवढंच वाटत होतं.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात आणि चिठ्ठ्यांवर तारखा. या प्रकरणातही मी शंभर पानी वही घातली. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ, डाव्या रकान्यावर 'ती म्हणाली', उजव्या रकान्यावर 'मी सांगितलं'. नाहीतर पाचव्या रविवारी आजीच्या दोन गाई आणि नवव्या रविवारी तीन झाल्या असत्या, आणि आत्याबाई गाई मोजून होत्या. खोटं बोलणारी माणसं वह्या ठेवत नाहीत, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

एका ठिकाणी मात्र मी काही बदललं नाही. दहावीची परीक्षा होऊन गेल्यावरचा तो एक एपिसोड. वारा पळवणाऱ्या बाईची मागची हकिकत त्यात दाखवली. तिचं लहान मूल वादळात कड्यावरून गेलं होतं. पुन्हा कोणाचं लेकरू वाऱ्याने नेऊ नये म्हणून तिने वारा कोंडला होता. मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आत्याबाई म्हणतील, तरी वाईट ती वाईटच. मुली अक्षता टाकून गेल्या तरी त्या बसून होत्या.

"ती वाईट न्हाई सूनबाई," म्हणाल्या. "भ्यालेली हाय."

तुझ्या निबंधात तू लिहिलं आहेस की अशा गोष्टींमध्ये खलनायक पूर्ण काळा नसतो. त्या वाक्याशेजारी मी बरोबरची खूण केली आहे. आत्याबाईंनी ती तुझ्या आधी केली होती.

जूनमध्ये निकाल लागला. तुमची आई शाळेत पहिली आली. पेढे झाले, मग मूळ विषय निघाला. तिला अकरावी-बारावी लातूरला करायची होती, होस्टेलला राहून. त्या काळात आपल्याकडच्या प्रत्येक हुशार मुलाच्या तोंडी लातूर होतं, पण आमच्या घरातली मुलगी दहावीनंतर धारूरच्या बाहेर शिकायला गेली नव्हती. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, शाळेत असताना तीही हुशार होती. तिचं लग्न पाटोद्याला झालं. एवढंच मला ठाऊक होतं.

घरात अशा गोष्टींत आत्याबाईंचा शब्द शेवटचा. तुमचे आजोबा दुकानात एक पातेलं चार वेळा वाजवून दाखवतील, पण आईपुढे आवाज निघायचा नाही. मी विचारलं. त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "कथा पुरी होऊ द्या."

"आई, प्रवेशाची तारीख आहे."

"व्हय, असंल. त्या म्हातारीनं पोरीला धाडलं. पोरगी परत आली का, म्हातारी भेटली का, ते मला बघायचंय. मग सांगते."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं, तुमची आई आणि मी. दोन एपिसोड उरले होते. शेवटचा एपिसोड झाल्यावर बरोबर आठव्या दिवशी, सोमवारी, लातूरच्या कॉलेजात नाव घालायची शेवटची तारीख होती. आणि शेवटी मुलगी घरी येणार, तेव्हा घरात आजी असायला हवी होती.

गच्चीवर कपडे काढताना तुमची आई माझ्यावर घसरली. "आता काय करशील? तुझी म्हातारी कुठून आणशील?"

"आजारी पडून वारली म्हणते."

"म्हणजे पोरगी बाहेर गेली आणि मागे आजी वारली? आई, मग तर मला शेजारचं अंबाजोगाईसुद्धा दिसणार नाही!"

ते खरंच होतं. मी म्हटलं, मग निरोपच धाडेल.

"आणि एक सांगू? त्या पोरीचं जे जे चांगलं बोलणं होतं ते तू सगळं त्या म्हातारीला देऊन टाकलंस."

"तुझ्यासाठीच ना!"

"माझ्यासाठी कशाला? मी अजून काही विचारलंच नाहीये कोणाला. तुम्हीच विचारताय." चादरीची घडी तिने माझ्या हातात आपटली आणि खाली गेली.

शेवटचा रविवार. त्या दिवशी वीज जाईल अशी मला आशा होती. एरवी रोज जायची, त्या दिवशी गेली नाही. तुमचे आजोबाही दुकान गड्यावर सोडून वर येऊन बसले, आत्याबाईंनी त्यांच्याही मुठीत अक्षता दिल्या. मुलगी तळघरात उतरली. समोर बरण्यांच्या रांगा आणि ती उंच बाई. मुंगूस मान आत घेऊन बसलेलं. मुलगी काहीतरी चार शब्द बोलली. बाईने एक एक फडकं सोडलं. मी ठरवल्याप्रमाणे सांगितलं, "आजीचा निरोप आहे, म्हणाली. बरण्या उघडा." वारा सुटला, पवनचक्क्या फिरल्या, गल्लीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग मुलगी घरी निघाली. टेकडीखाली सगळा गाव गोळा झालेला. आत्याबाई पुढे सरकल्या. "कुठं हाय? म्हातारी कुठं हाय?"

माझे डोळे त्या गर्दीवर भिरभिरत होते. देवाच्या कृपेने एका कोपऱ्यात कोणीतरी वाकलेलं, डोक्यावरून शाल घेतलेलं, काठी टेकून पाठमोरं उभं होतं.

"ती बघा! ती काठीवाली. ती आजी."

"उभी ऱ्हायली की! गुडघे बरे झाले," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला स्वतःलाच त्या आजीचा आनंद झाला.

आणि ती आजी वळली. तिला बेंबीपर्यंत पांढरी दाढी होती.

सगळ्यात धाकटी पोर म्हणाली, "आज्जीला दाढी?" आणि खोलीत जो हसण्याचा स्फोट झाला तो खाली दुकानात ऐकू गेला असेल. तुमचे आजोबा चष्मा काढून डोळे पुसत होते. हसल्या नाहीत त्या दोघीच, आत्याबाई आणि तुमची आई. मी धरून तिघी.

"सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या, "ही कोण हाय?"

मी काही बोलायच्या आत तुमची आई उठली, माझ्या कपाटातून वही काढून आणली आणि आत्याबाईंसमोर बसली. "आजी, ती आजी नव्हतीच कधी. आईनं घातली. हे बघ, इकडे तिनं काय म्हटलं ते, इकडे आईनं काय सांगितलं ते. मी वाचून दाखवते."

तिचं लातूर त्या वहीत होतं आणि तिने ती स्वतःच्या हाताने उघडली. मला तेव्हा तिचा राग आला होता, हे आज लिहून ठेवते.

दोन पानं ऐकल्यावर आत्याबाईंनी हात वर केला. मुठीतल्या अक्षता त्यांनी टीव्हीवर टाकल्या नव्हत्या. त्या त्यांनी पदराच्या टोकात गाठ मारून ठेवल्या.

"घर सोडून गेली असंल, केस कापले असतील, ते तिचं तिला. पर पोथीत आपलं घालायचं न्हाई. इतकी शिकलेली तू, आन् एवढं ठाव न्हाई? ही ऐकली ती कथा झालीच न्हाई. पुन्यांदा सांग. पहिल्यापासून."

"आत्याबाई, सव्वीस भाग आहेत. सोमवारी तारीख..."

"सात दिवसांत पारायण होतंय. रोज दुपारी. फक्त हिकडचा रकाना."

अशी मी सात दिवस रोज दुपारी जेवणानंतर डावा रकाना वाचला. शाळेतून यायचं, चार घास खायचे आणि बसायचं. टीव्ही बंद, चित्रं नाहीत, समोर मूठभर अक्षता घेतलेल्या आत्याबाई आणि भिंतीला टेकून तुमची आई. कोणालाही न विचारता निघालेली ती मुलगी मी पहिल्यांदाच मराठीत सांगत होते. ती काकाला शिव्या देते, रडते, मुंगसावर ओरडते, चुकीच्या वाटेने तीन दिवस जाते, आपल्या बुद्धीने पूल ओलांडते. आत्याबाई मधेमधे बोलायच्या. "तोंडाळ हाय." "बरं झालं, असंच पाहिजे होतं त्या काकाला." "येकलीच व्हती म्हणायची मग." त्यांनी आजीचं नाव काढलं नाही. मला मात्र दर पानावर तिची जागा रिकामी दिसायची.

रविवारी शेवटचं पान आलं, शेवटच्या भागाच्या रात्रीच मी लिहून ठेवलेलं. तळघर, बरण्या, ती बाई. डाव्या रकान्यात मुलीचं एकच वाक्य होतं. मी वाचलं, "ती म्हणाली, तुम्ही उघडाल का?"

"काय?"

"तुम्ही उघडाल का, असं विचारलं तिने."

"धमकी न्हाई दिली? हिसकून न्हाई घेतल्या?"

"नाही. विचारलं."

आत्याबाई खिडकीकडे बघत राहिल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी स्टीलचा हंडा वाजवून बघत होतं.

"घरातून निघताना इचारलं न्हाई," म्हणाल्या, "आन् जिथं इचाराय पाहिजे तिथं इचारलं." मग माझ्याकडे न बघता, "पाटोद्याच्या आपल्या पोरीनं मला इचारलं व्हतं. सातवी झाली तवा. अंबाजोगाईला शिकाय जाऊ का म्हणून. मी फडकं आणखी घट्ट बांधलं. मला काय, भ्याव वाटलं."

हे मला त्या दिवशीच कळलं. लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती.

तेवढ्यात तुमचे आजोबा जिन्यात दिसले. "आई, उद्या तारीख..."

"तू गप बस. माय, तू ये हिकडं." तुमची आई पुढे येऊन बसली. "इचार."

"काय विचारू?"

"काय इचारायचंय ते. आजवर तुझ्या मायनं इचारलं, बापानं इचारलं. तुझ्या तोंडातून न्हाई आलं काही."

तुमच्या आईचा आवाज कधी बारीक होत नाही, तेव्हा झाला. "आजी, मी लातूरला शिकायला जाऊ?"

"घरची आठवण आल्यावर रडशील?"

"रडेन."

"आन् पळून येशील?"

"नाही. दिवाळीला येईन."

"मग जा."

आठवडाभर जपलेल्या अक्षता त्यांनी पदराची गाठ सोडून तिच्या डोक्यावर टाकल्या. कथा पुरी झाली. तुमच्या आजोबांनी आपल्या मुठीतही काहीतरी असायला हवं होतं अशा चेहऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खाली जाऊन एक नवा डबा, एक ताट आणि दोन वाट्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही तिघं निघालो. अर्ज मी भरला, सही तिने केली.

तर ते प्रश्नचिन्ह यासाठी आहे. तुझ्या निबंधातली मुलगी न विचारता निघते हे खरं, पण ती पुढे कोणाला काय विचारते ते तू पाहिलं नाहीस. ते पाहून तो परिच्छेद पुन्हा लिही. तुझं मत बदललं नाही तरी हरकत नाही, मी प्रश्नचिन्ह खोडेन. फक्त तिचं बोलणं तिच्याच तोंडी राहू दे. मला हे शिकायला सव्वीस रविवार आणि सात दुपारी लागल्या.

त्या दिवाळीला तुमची आई घरी आली तेव्हा आत्याबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर निरगुडीचा पाला बांधून. ती वाकून पाया पडली. त्यांनी तिला डोळाभर पाहिलं, वाळली का ते दंड दाबून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुझ्या मायच्या म्हातारीचा काही निरोप?"

"आहे ना," तुमची आई म्हणाली. "गुडघे बरे आहेत. दाढी तेवढी काढायची राहिलीय."